निमंत्रण चित्रात, रसिक बाहेर

कोल्हापुरात कार्यक्रमांना तोटा नाही. राज्य नाट्य स्पर्धेचा हंगाम असतो, शाहू स्मारक भवनातली व्याख्यानं असतात, नवरात्र असतं, पेठापेठांतल्या तालमी आणि मंडळं असतात. यात दिव्यांगांचा विषय निघाला की चर्चा थेट रॅम्पवर जाते. रॅम्प हवाच. हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डसारखी संस्था १९८४ पासून या शहरात आहे, त्यामुळं व्हीलचेअरसाठी काय लागतं हे इथल्या लोकांना निदान ऐकून तरी माहीत आहे. पण अंध किंवा कर्णबधिर माणूस त्या रॅम्पच्या फार अलीकडेच अडतो. कार्यक्रम आहे हेच त्याला कळलेलं नसतं. निमंत्रण त्याच्या व्हॉट्सॲपवर आलेलं असतं, पण चित्र म्हणून. फोन 'फोटो' एवढंच बोलतो आणि पुढच्या मेसेजवर जातो.

म्हणून हे सगळं हौशी नाट्यसंस्था, वाचनालयं, व्याख्यानमाला आणि मंडळांसाठी लिहितो आहे. सोय होणार की नाही हे पोस्टर बनतं त्या दिवशीच ठरतं. तिथं सुटलेली गोष्ट प्रयोगाच्या दिवशी पैसे टाकूनही सांधता येत नाही.

कायद्याचं आधी उरकू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम २९ संस्कृती आणि मनोरंजनावर आहे. दिव्यांग कलावंत-लेखकांना साहाय्य, कला सर्वांना घेता येईल अशी करणं, कर्णबधिरांसाठी टीव्हीवर खुणांची भाषा किंवा सबटायटल्स, हे त्यात येतं. कलम ४२ डिजिटल मजकुराबद्दल आहे, आणि कलम ४६ सरकारी व खासगी अशा दोन्ही सेवादात्यांना लागू होतं. मुळाशी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातलं कलम ३० आहे. सांस्कृतिक जीवनात भाग घेणं हा हक्क आहे, असं ते म्हणतं. भारतानं या कराराला १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. पुढं ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सुगमतेचे, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता यावं यासाठीचे, नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, किमान निकष बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या हक्काचाच भाग ठरला. ते प्रकरण बँकांच्या केवायसीचं होतं, पण त्यातला विचार तिकिटाच्या वेबसाइटलाही तितकाच लागू पडतो.

आता कामाचं.

निमंत्रण

पोस्टर चित्रातच हवं तर खुशाल करा. फक्त त्यातला सगळा मजकूर चित्राखाली टाइप करून पाठवा. व्हॉट्सॲपवर सगळा भार या मजकुरावरच असतो. फेसबुकवर चित्राला वेगळा पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे ते शब्दांत सांगणारा) देता येतो आणि तो आपण लिहायचा. न लिहिल्यास यंत्र स्वतःच्या अंदाजानं 'चित्रात मजकूर आणि तीन व्यक्ती असाव्यात' अशा धाटणीचं काहीतरी चिकटवतं. त्यातून प्रयोगाची वेळ कळत नाही.

मजकुराचा क्रम बदलावा लागतो. आपल्या पत्रिका देवाच्या नावानं सुरू होतात, मग प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, उद्घाटक, आणि तारीख-वेळ-ठिकाण तळाला. डोळ्यांनी वाचणारा थेट तळाला जातो. ऐकणाऱ्याला सगळे मान्यवर ऐकावे लागतात. पहिल्या दोन ओळी अशा असाव्यात: 'दोन अंकी नाटक. रविवार, १४ डिसेंबर, संध्याकाळी ६ वाजता. शाहू स्मारक भवन, दसरा चौक, कोल्हापूर. मराठी कॅप्शन आणि खुणांच्या भाषेचा दुभाषा आहे. व्हीलचेअरनं येता येतं.' पाहुणे त्यानंतर, हवे तितके.

संक्षेप टाळा. 'सायं. ६ वा.' हे बोलणारा फोन अक्षरशः 'सायं सहा वा' असं वाचतो. 'दि.', 'मा.', 'प्रा.' यांचीही तीच गत. तारीख तिरक्या रेघांनी तोडू नका, महिन्याचं नाव लिहा. आणि इमोजी. पाच भगवे झेंडे आणि सहा नमस्कार टाकले की फोन ते एकेक करून उच्चारतो. ओळभर टाकलेल्या चांदण्या आणि रेघा म्हणजे तर शिक्षाच. एक झेंडा पुरे, तोही शेवटी.

पैसे यूपीआयनं घेत असाल तर क्यूआर कोडसोबत यूपीआय आयडी आणि मोबाइल नंबर मजकुरात द्या. स्वतःच्याच फोनवर आलेला कोड त्याच फोनच्या कॅमेऱ्यानं कुणालाच स्कॅन करता येत नाही, त्यामुळं याचा उपयोग सगळ्यांनाच होतो.

कमी दिसणाऱ्यांसाठी रंगांचा फरक मोजावा लागतो. वेबच्या सुगमता निकषांत साध्या अक्षरांना ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ एवढा फरक किमान हवा. आपल्याकडचं लाडकं पोस्टर म्हणजे केशरी पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं. झेंड्याचा केशरी आणि शुद्ध पिवळा यांच्यातला फरक जेमतेम २ : १ भरतो. त्याच केशरीवर पांढरं टाकलं तरी फार सुधारत नाही, काळं टाकलं तर जवळपास १० : १ मिळतं. पांढऱ्यावर लालभडक हे ४ : १ च्या आसपास असतं, म्हणजे मथळ्याला चालेल, तळाच्या बारीक अक्षरांना नाही.

फॉन्टची गोम

मराठीत ही अडचण इंग्रजीपेक्षा मोठी आहे. पत्रिका बहुधा कोरलड्रॉमध्ये आणि जुन्या वळणाच्या फॉन्टमध्ये होतात. या फॉन्टमध्ये फाइलीत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. कागदावर सुंदर दिसतं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, मात्र रूप पाहत नाही, तो साठवलेलं वाचतो, आणि कानावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा पडतो. युनिकोड या पद्धतीत मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं. डीटीपीवाल्याला 'युनिकोडमध्ये टाइप करा' हे एकच वाक्य काम देताना सांगावं, छपाईनंतर नाही. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांतही युनिकोडची सोय आहे, त्यामुळं 'आमच्याकडं होत नाही' हे उत्तर लगेच मान्य करू नका.

तपासणी सोपी आहे. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठीच आलं तर ठीक. चिवडा आला तर स्क्रीन रीडरलाही तोच मिळणार. मजकूर निवडताच येत नसेल तर अक्षरांच्या आकृत्या केल्या गेल्या आहेत आणि फाइल म्हणजे चित्रच आहे. तिसरा प्रकार फसवा असतो: युनिकोड असूनही पीडीएफमधून काढताना पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, जोडाक्षरं सुटतात. पीडीएफ अक्षरांपेक्षा त्यांच्या आकारांचा हिशेब ठेवते, म्हणून हे होतं. त्यामुळं स्मरणिका किंवा नाटकाची माहितीपत्रिका देताना पीडीएफबरोबर साधी वर्ड फाइल किंवा वेबपान द्यावंच.

जुन्या फॉन्टमधला मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणता येतो, पण नंतर माणसानं वाचावा लागतो. 'दुसऱ्या', 'पायऱ्या' यातला ऱ्य दोन वेगवेगळ्या प्रकारांनी साठवला जातो. दिसायला फरक नाही, पण एका प्रकारानं शोधलेला शब्द दुसऱ्या प्रकारात सापडत नाही. संस्थेनं एकच प्रकार ठरवावा, नुक्त्याचा ऱ, हलन्त, मग य, आणि सगळीकडं तोच ठेवावा.

वेबसाइट असेल तर पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे हे नोंदवा. नोंद नसली तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात देवनागरी गाळून टाकू शकतो, किंवा लिपी एकच म्हणून हिंदीच्या आवाजात वाचतो. संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर मराठी बोलतो. अँड्रॉइडवर टॉकबॅक असतोच. तो सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत सुरू करा, उजवीकडं बोट सरकवत एकेक गोष्ट ऐका, दोनदा टॅप केलं की ती उघडते. नव्या माणसाला बाहेर पडणं जमत नाही, म्हणून आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून बंद करण्याचा शॉर्टकट आधी लावून ठेवा.

आजची पूजा

नवरात्रात अंबाबाईची रोज वेगळी सालंकृत पूजा बांधतात आणि तिचा फोटो दुपारनंतर अख्ख्या कोल्हापूरभर फिरतो. खाली लिहिलेलं असतं 'आजची पूजा'. ज्याला दिसत नाही त्याच्यापर्यंत यातलं काय पोचलं? काहीच नाही. आणि इथंच दोन वाक्यांत खूप काही देता येतं: 'ललिता पंचमी. अंबाबाईची गजारूढ पूजा. देवी हत्तीवरच्या अंबारीत बसली आहे, हत्तीची सोंड वर आहे, देवीची साडी अमुक रंगाची, मागं अमुक सजावट.' रूप, वाहन, हातातली आयुधं, वस्त्राचा रंग, त्या रूपामागची कथा एका ओळीत. पूजा बांधणाऱ्यांना हे सगळं तोंडपाठ असतं, फक्त लिहायचं कुणी हे ठरलेलं नसतं. 'अतिशय मनमोहक रूप' असलं काही लिहू नका. मनमोहक आहे की नाही ते ऐकणारा ठरवेल, त्याला तपशील द्या.

वस्तुसंग्रहालयांचंही असंच आहे. टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे, रोमन जगाशी कोल्हापूरच्या व्यापाराची खूण. मूळ मूर्तीला हात लावू देता येणार नाही हे उघड आहे. त्रिमितीय छपाईनं केलेली प्रतिकृती हातात देता येते, आणि सोबत दोन मिनिटांचं ध्वनिवर्णन. क्यूआर कोड लावाल तर प्रत्येक वस्तूच्या एकाच बाजूला, एकाच उंचीवर आणि बोटाला लागेल अशा उठावाच्या चौकटीत लावा. कोड कुठं आहे हेच न कळणं ही नेहमीची तक्रार आहे.

तिकीट

आसनांचा रंगीत नकाशा म्हणजे स्क्रीन रीडरला नुसतं 'बटण, बटण, बटण'. प्रत्येक चौकोनाला नाव द्यावं लागतं: 'रांग क, आसन ७, रिकामं, ३०० रुपये'. उपलब्ध हिरवं आणि विकलेलं लाल एवढ्यानं भागत नाही, रंगांधळेपण असणाऱ्यालाही ते सारखंच दिसतं. वेळमर्यादा संपत आली तर आधी सूचना द्यावी आणि एका साध्या कृतीनं वेळ वाढवायला निदान २० सेकंद मिळावेत, असा निकष आहे. हे जमत नसेल तर एक फोन नंबर द्या, आणि तो नंबर उचला.

गूगल फॉर्म करत असाल तर 'अपंगत्वाचा प्रकार व टक्केवारी' विचारू नका. 'कोणती सोय लागेल' एवढं विचारा: पुढची जागा, दुभाषा, ध्वनिवर्णन, व्हीलचेअरची जागा, सोबतीसाठी आसन. टक्केवारीवरून खुर्ची कुठं ठेवायची ते कळत नाही.

कॅप्शन

व्याख्यानाचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकताना कॅप्शन हवंच. कच्चा मसुदा बोलून टाइप करण्याच्या सोयीनं निघतो, पण तो आवाजावर अवलंबून असतो. कॅमेऱ्याच्या माइकवरचा आवाज घेतला तर सभागृहाचा घुमारा, पंखा आणि खोकला सगळं येतं. ध्वनिवाल्याला मिक्सरच्या ऑक्स आउटमधून (जादा आवाज बाहेर काढायच्या जागेतून) वेगळी लाइन मागा. पोवाडा आणि ढोलकीच्या पुढं यंत्राचं काही चालत नाही, तिथं शाहिराकडून संहिता घ्यावी. कोल्हापुरी बोलीही यंत्र 'सुधारून' प्रमाण मराठीत टाकतं. पात्र 'आलंय न्हवं' म्हणालं असेल तर कॅप्शनमध्ये तेच हवं.

एका वेळी दोन ओळी, ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरचिन्हं, पडद्यावर किमान एक आणि जास्तीत जास्त सहा-सात सेकंद. ओळ अर्थाच्या जोडावर तोडा, विभक्तीच्या आधी नाही. आवाजांची नोंद चौकटी कंसात करा: [टाळ्या], [विंगेतून हाक]. नवशिक्याला तासाभराच्या भाषणाला सहा-आठ तास लागतात. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर दुसऱ्या व्हिडिओनंतर उत्साह संपतो.

कॅप्शनची वेगळी फाइल (एसआरटी) असेल तर सेव्ह करताना यूटीएफ-८ हे युनिकोडचं एन्कोडिंग निवडा. नोटपॅडमध्ये एन्कोडिंग एएनएसआय राहिलं तर पडद्यावर सगळी मराठी प्रश्नचिन्हं होऊन येते. कॅप्शन व्हिडिओतच कोरायचं असेल तर संपादनाचं सॉफ्टवेअर तपासा. अडोबी प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडला नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाते आणि जोडाक्षरांत हलन्ताचा पाय उघडा पडतो. ओळींमधलं अंतर कमी ठेवलं तर उकार आणि खालच्या ओळीचा अनुस्वार एकमेकांत घुसतात. काळ्या पट्टीवर पांढरं अक्षर, बाकी कलाकुसर नको.

खुणांची भाषा

कॅप्शन दिलं म्हणजे दुभाषा लागत नाही, असं नाही. या खुणांच्या भाषेचं, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषेचं, व्याकरण स्वतंत्र आहे. अनेक कर्णबधिरांसाठी लिखित मराठी ही नंतर शिकलेली भाषा असते. उलट, उतारवयात ऐकू येणं कमी झालेल्याला खुणा येत नाहीत, त्याला कॅप्शनच हवं. दोन्हींचे प्रेक्षक वेगळे.

एका प्रयोगाला दोन दुभाषे लागतात. वीस-तीस मिनिटांनी बदल झाला नाही तर हात आणि डोकं दोन्ही थकतात आणि अनुवाद घसरतो. संहिता किमान आठवडाभर आधी द्या. नाटकातले श्लेष, म्हणी, शिव्या यांच्या खुणा ठरवायला वेळ लागतो. दुभाषा रंगमंचाच्या एका बाजूला, पुढं. कपडे एकरंगी, त्वचेशी विरोधी छटेचे. त्याच बाजूच्या पुढच्या रांगा राखून ठेवा. सगळ्यात जास्त चुकतं ते प्रकाशात: अंधार झाला की दुभाषाही अंधारात जातो, आणि विंगेतला आवाज नेमका तेव्हाच असतो. त्याच्यावरचा छोटा दिवा प्रकाशयोजनेच्या यादीत शेवटपर्यंत चालू असा लिहून ठेवा. चित्रीकरणात दुभाषाची चौकट उजव्या कोपऱ्यात टाकाल तर चॅनेलचा लोगो दुसरीकडं न्या, आणि चौकटीत कंबरेपासून डोक्याच्या वरपर्यंत हात पूर्ण मावू द्या.

ध्वनिवर्णन

संवादांच्या मधल्या जागेत दृश्य सांगणारा एक माणूस, त्याच्यापुढं माइक, प्रेक्षकांच्या कानात रिसीव्हर. पर्यटन मार्गदर्शक वापरतात तो एक प्रेषक आणि अनेक रिसीव्हर असा संच यासाठी पुरतो. मोबाइल कॉल किंवा मीटिंग ॲपवर हे करून पाहतात, पण आवाज एक-दोन सेकंद मागं पडतो आणि विनोद झाल्यावर वर्णन येतं. वर्णनकारानं दोन तालमी पाहाव्यात. 'तो चिडला' म्हणू नये, 'त्यानं पत्र चुरगाळलं' म्हणावं. प्रयोगाआधी अर्धा-पाऊण तास रंगमंचावर नेऊन नेपथ्य, वेशभूषा, महत्त्वाच्या वस्तू हाताळू द्या आणि नटांचे आवाज ऐकवा. या एका गोष्टीनं निम्मं वर्णन हलकं होतं.

सिनेमासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयानं मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांतल्या कॅप्शन आणि ध्वनिवर्णनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. १९२९ मध्ये ज्या गावात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, तिथल्या प्रेक्षकानं तिकीट काढताना हे विचारायला काहीच हरकत नाही.

पुस्तकं

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं. अशा ग्रंथालयांनी एक तरतूद माहीत करून घ्यावी: कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ५२(१)(झेडबी) आलं. छापील पुस्तक वाचता न येणाऱ्या दिव्यांगासाठी सुगम प्रत करायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. नफा नको, घेतलाच तर फक्त निर्मितीखर्च, आणि प्रत बाजारात जाणार नाही याची काळजी. सरकारमान्य ग्रंथालयं यात स्पष्टपणे मोडतात. त्यानंतर अशाच सुगम प्रतींसाठी आलेल्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत पहिला देश होता.

३०० डीपीआयवर स्कॅन करा, पान सरळ असू द्या, टेसरॅक्टमध्ये (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर) मराठी भाषा निवडा. जुन्या खिळ्यांच्या छपाईत ध-घ आणि भ-म यांची अदलाबदल होते, अनुस्वार गळतो, पानाचा आकडा आणि प्रकरणाचं नाव मजकुरात घुसतं. मुद्रितशोधनाशिवाय प्रत देऊ नका. प्रकरणांना खऱ्या मथळ्याची शैली लावा, नुसती ठळक अक्षरं नकोत, कारण स्क्रीन रीडर मथळ्यांवरून उड्या मारतो. आधी सुगम्य पुस्तकालय या सुगम पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात ते पुस्तक आहे का ते पाहा, म्हणजे दुप्पट काम टळेल.

नाट्यगृह

८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत केशवराव भोसले नाट्यगृह जळालं आणि पुन्हा उभारणी हाती घ्यावी लागली. शाहू महाराजांनी बांधलेली वास्तू जशी होती तशी हवी ही भावना बरोबर आहे. पण इंडक्शन लूप (सभागृहातला आवाज थेट श्रवणयंत्रात पोचवणारी तार) फरशीखाली, कॅप्शन पडद्याची तार भिंतीत, वर्णनकाराची खोली रंगमंच दिसेल अशी, हे सगळं दिसतही नाही. रॅम्पचा उतार १ : १२. तो प्रेक्षागृहापुरता ठेवू नका, रंगमंचावर आणि मेकअप रूमपर्यंतही न्या. व्हीलचेअरवरचा माणूस फक्त प्रेक्षकच असेल असं कुणी ठरवलं?

पैशांचं म्हणाल तर स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. दुभाषा आणि ध्वनिसंच त्यातून मागता येतात. सहसा कुणी मागत नाही.

तक्रार करायची वेळ आली तर आधी संस्थेला किंवा वेबसाइटवाल्याला ईमेल करा, मग पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडं जा. नुसत्या स्क्रीनशॉटनं काही सिद्ध होत नाही, कारण पान दिसायला व्यवस्थितच असतं. टॉकबॅक चालू ठेवून स्क्रीन रेकॉर्डिंग करा, आणि रेकॉर्डिंग सुरू करताना आवाज टिपण्याचा पर्याय चालू करा, नाहीतर फोनचं बोलणं त्यात येणारच नाही. काही फोनांवर तरीही ते बोलणं टिपलं जात नाही, तेव्हा दुसऱ्या मोबाइलनं समोरून चित्रीकरण करा. तारीख, फोनचं मॉडेल, ॲपची आवृत्ती आणि कुठल्या बटणावर अडलं ते चार ओळींत लिहून जोडा.